हानियात जेवायचं कुठे: बंदरामागची खानावळ शोधताना

क्रीट बेटावरच्या हानियात पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी प्रत्येक जण बंदरावर जातो, आणि जावंच. व्हेनिसकरांनी बांधलेलं जुनं बंदर, टोकाला दगडी दीपस्तंभ, पाण्याकाठी घुमटाची मशीद आणि काठाकाठाने एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं. प्रत्येक हॉटेलापुढे मेनूकार्ड घेतलेला एक माणूस उभा असतो. तुमचा चेहरा बघून तो "इंडिया? नमस्ते!" म्हणतो आणि ताजी मासळी, मोफत वाइन, समुद्राकडचं टेबल असं सगळं एका दमात कबूल करतो. ग्रीक लोक अशा माणसाला 'क्राख्तिस' म्हणतात, म्हणजे हाका घालून बोलावणारा.

बंदरावर फिरा, सूर्यास्त बघा, आइस्क्रीम खा. जेवायला मात्र तिथे बसू नका. तिथे बसलेलं गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही हे मालकाला ठाऊक असतं. त्याची कमाई जागेवर चालते, पुन्हा येणाऱ्या माणसावर नाही. बंदरावर एकही चांगलं ठिकाण नाही असं मी म्हणत नाही, पण चार दिवसांच्या मुक्कामात ते हुडकत बसण्यापेक्षा पाच मिनिटं आत चाललेलं बरं.

हानियात शोधायची असते ती खानावळ. हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण तिथल्या चांगल्या जेवणाचं गणित आपल्या खानावळीसारखंच आहे: सकाळी बाजार, दुपारपर्यंत स्वयंपाक, संपलं की संपलं.

पाट्या ओळखा

हानियात 'रेस्टॉरंट' हा शब्द फारसा कामाचा नाही. पाटीवर 'ताव्हेर्ना' असेल तर साधं, घरगुती, सगळं थोडंथोडं मिळणारं ठिकाण. 'प्सारोताव्हेर्ना' म्हणजे मासळीची. 'प्सिस्तारिया' म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजणारी. 'मेझेदोपोलीओ' आणि क्रीटमधलं 'राकादिको' इथे लहान लहान बश्या मागवून, सोबत राकी, म्हणजे द्राक्षांपासून काढलेली तिथली कडक दारू, घेत, गप्पा मारत तीन तास बसायचं असतं. 'काफेनीओ' म्हणजे खरं तर कॉफीचं दुकान, पण खेड्यातल्या काफेनीओत मालकीणबाईंनी घरच्यासाठी केलेलंच जेवण कधी कधी मिळतं आणि ते विसरता येत नाही.

आणि 'मागिरिओ'. हीच ती खानावळ. काचेमागे मोठे ट्रे मांडलेले असतात: टोमॅटोत शिजलेली फरसबी, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, भाताने भरलेल्या भोपळी मिरच्या, वांगं, बकऱ्याचं मटण. तुम्ही काचेजवळ जाता, बोट दाखवता, ताट येतं. अशी बरीच ठिकाणं दुपारी भरात असतात आणि संध्याकाळपर्यंत आवरतात, म्हणून पर्यटकांना ती दिसतच नाहीत.

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, स्वयंपाकाचे दोन भाग असतात. एक 'मागिरेफ्ता', म्हणजे भांड्यात किंवा भट्टीत सावकाश शिजलेले पदार्थ. दुसरा 'तिस ओरास', म्हणजे तुम्ही सांगितल्यावर त्या वेळी भाजलेलं किंवा तळलेलं. दुसऱ्या प्रकारात फ्रीझरमधलं सामान सहज खपतं. पहिल्या प्रकारात कोणीतरी सकाळी उठून खपलेलं असतं. त्यामुळे दारात उभं राहून विचारायचा प्रश्न एकच: "सीमेरा ति मागिरेप्साते?" आज काय शिजवलंय?

हे एक वाक्य पाठ करून जा. उच्चार वेडावाकडा झाला तरी चालतो. समोरच्याने लगेच तीन-चार पदार्थांची नावं घेतली, किंवा "या, बघा" म्हणत स्वयंपाकघराकडे नेलं, तर बसा. "आमच्याकडे सगळं मिळतं" असं उत्तर आलं आणि साठ पदार्थांचं कार्ड पुढे सरकवलं गेलं, तर "एफ्हारिस्तो" म्हणून नम्रपणे पुढे चला. मी हा प्रश्न आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात विचारते आणि आजवर त्याच्याइतकी खात्रीची दुसरी कसोटी मला सापडलेली नाही.

पाय कुठे वळवायचे

बंदराला पाठ करून पूर्वेकडे चालत गेलात की स्प्लान्त्झिया नावाची जुनी वस्ती लागते. मधल्या चौकात प्रचंड चिनार आहे आणि शेजारी सेंट निकोलसचं चर्च, ज्याला एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. ऑटोमन काळात त्याची मशीद झाली होती, त्याची ही खूण. या चौकात आणि आसपासच्या बोळांत स्थानिक लोक रात्री राकी आणि मेझे, म्हणजे त्या लहान बश्यांमधले पदार्थ, घेऊन बसतात. इथेही आता पर्यटक वाढले आहेत, पण हाका मारणारे कमी आहेत.

मासळी खायची तर पश्चिमेला नेआ होरा. जुन्या गावापासून चालत जाण्याइतकं जवळ, छोटं मासेमारी बंदर, पोहण्याची पुळण आणि रस्त्याच्या कडेने प्सारोताव्हेर्नांची रांग. हानियातली कुटुंबं रविवारी दुपारी इथे जेवायला येतात. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत बारा जणांचं टेबल दिसलं, तर त्या ठिकाणाबद्दल आणखी चौकशी करायची गरज नाही.

शनिवार असेल तर सकाळी मिनोओस रस्त्यावरचा आठवडी बाजार चुकवू नका. तटबंदीलगत भरणारा हा बाजार म्हणजे त्या आठवड्याच्या जेवणाची यादीच. रानभाज्यांचे ढीग, मिझिथ्रा चीज, मध, टोमॅटो. जे बाजारात दिसलं नाही ते संध्याकाळी कोणी 'ताजं, इथलं' म्हणून खपवू लागलं, तर तुम्हाला कळेल.

मुक्काम आगिया मारिना किंवा प्लातानियासच्या बाजूला असेल, तर हॉटेलच्या रस्त्यावरच जेवण शोधू नका. तो पट्टा जवळजवळ पूर्णपणे पर्यटकांसाठी उभा राहिलेला आहे. बस पकडून शहरात या.

आणि गाडी असेल तर एका रविवारी दुपारी थेरिसो. शहरापासून दक्षिणेला सुमारे 15 किलोमीटर, घळीतून जाणारा वळणावळणाचा रस्ता आणि वर एक लहान गाव. 1905 साली, पुढे ग्रीसचा पंतप्रधान झालेल्या व्हेनिझेलोसने क्रीटच्या ग्रीसशी एकीकरणासाठी इथूनच उठाव केला होता. आज लोक तिथे मटण खायला जातात: सावकाश तेलात शिजवलेलं 'त्सिगारियास्तो', निखाऱ्यावरची चॉप. गाडी चालवणाऱ्याने राकीला हात लावू नये, कारण ती न मागताही टेबलावर येते.

फोनचा उपयोग, पण वेगळ्या रीतीने

तारे मोजू नका. किनाऱ्यावरच्या गावात साडेचार तारे सगळ्यांनाच असतात. नकाशात ठिकाण उघडलंत की दोन गोष्टी बघा.

पहिली, गर्दीच्या वेळा. ग्रीक माणूस दुपारी दोनच्या आधी आणि रात्री नऊच्या आधी सहसा जेवायला बसत नाही. गर्दी दुपारी तीनला आणि रात्री दहाला दिसत असेल तर ती जागा गावकऱ्यांची. संध्याकाळी सातलाच भरत असेल तर ती उत्तर युरोपातल्या पाहुण्यांची.

दुसरी, जानेवारी-फेब्रुवारीतले अभिप्राय. पर्यटनाचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. नोव्हेंबरनंतर बंदरावरची बरीच टेबलं आत जातात. ज्या ताव्हेर्नाला भर थंडीत कोणी ग्रीक भाषेत अभिप्राय लिहिलाय, ती वर्षभर गावाच्या पोटावर चालते. हा शोध लागल्यापासून मी दुसरं काही वाचत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर साडेसातला जाऊन बसायला हरकत नाही, जागाही पटकन मिळते. मुलांना घेऊन उशिरा जेवणंही तिथे अगदी सर्वसामान्य आहे. रात्री अकराला टेबलांमधून पळापळी करणारी पोरं बघून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

मेनूकार्ड: तळाचा बारीक मजकूर आधी

दरपत्रक बाहेर लावलेलं असतं, त्यामुळे बसण्याआधी वाचता येतं. पान उघडून फोटो बघण्याआधी तळाशी जा. तिथे सहसा लिहिलेलं असतं की सॅलडमध्ये कोणतं तेल, तळायला कोणतं तेल आणि फुलीचं किंवा ताऱ्याचं चिन्ह असलेले पदार्थ गोठवलेल्या मालाचे आहेत. गोठवलेल्याला ग्रीकमध्ये 'कातेप्सिग्मेनो', ताज्याला 'फ्रेस्को', स्थानिकाला 'दोपिओ'. तळलेल्या कालामारीपुढे, म्हणजे माकुलापुढे, हा तारा बहुतेक ठिकाणी दिसेल. त्यात फसवणूक नाही, उलट तारा छापणारा मालक प्रामाणिक आहे. संशय घ्यावा तो ज्या कार्डावर चाळीस प्रकारची मासळी आहे आणि एकही तारा नाही त्याचा.

तिथेच आणखी एक वाक्य असतं: पावती मिळाली नाही तर ग्राहकाला पैसे देण्याचं बंधन नाही. ते वाक्य नुसतं शोभेचं नाही, शेवटी कामाला येतं.

ब्रेड न मागता येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे बिलात लागतात. त्याला 'कुवेर' म्हणतात. नको असेल तर टोपली टेबलावर ठेवताक्षणीच सांगा. पण थोडं थांबा: क्रीटच्या ऑलिव्ह तेलात तो ब्रेड बुडवून खाल्ल्याशिवाय नको म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

मासळी: आधी वजन, मग होकार

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मोठं बिल इथेच होतं.

मी वेंगुर्ल्यात वाढले, मासळी बाजारात आईच्या बोटाला धरून. तरीही पहिल्या खेपेला बंदरावरच्या एका ठिकाणी वेटरने ताटातला देखणा मासा दाखवला, मी मान डोलावली, आणि बिल आलं तेव्हा त्या एका माशाचे पैसे उरलेल्या सगळ्या जेवणापेक्षा जास्त होते. कार्डावर लिहिलेला भाव किलोचा होता. विचारायचं मी राहिले.

तर क्रम असा. मोठा मासा किलोवर विकला जातो. समजा भाव 60 युरो किलो आहे आणि मासा 700 ग्रॅमचा, तर झाले 42 युरो. म्हणून मासा निवडायला स्वतः बर्फाच्या पेटीपाशी जा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, अंग घट्ट: आपल्याकडची पारख तिथेही लागू पडते. तुमच्यासमोर वजन करायला सांगा, एकूण किंमत कागदावर लिहून घ्या, मग होकार द्या. यात कोणी रागावत नाही. गावातले लोकही हेच करतात.

'त्सिपुरा' आणि 'लाव्राकी' हे दोन मासे सगळीकडे दिसतात आणि ते बहुतेक शेतीतले असतात. ग्रीसमध्ये समुद्रात जाळ्यांचे पिंजरे लावून त्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास होते. चवीला वाईट नाहीत, पण भावही त्याच बेताचा असावा.

माझा सल्ला मात्र लहान मासळीचा. 'गाव्रोस' हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला आणि 'सार्देला' म्हणजे तारलीची बहीण. ही मासळी किलोवर नाही, बशीच्या भावाने मिळते, पिठात घोळवून अख्खी तळलेली, वर लिंबू. मसाला नाही, तिखट नाही, आणि तरी पहिल्याच घासाला घर आठवतं. स्वस्त असल्यामुळे ती रोज खपते, आणि रोज खपते म्हणून ताजी असते.

आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात, तशी ग्रीसमध्ये साधारण जून ते सप्टेंबर मोठ्या ट्रॉलरना बंदी असते. म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात माल येतो तो मुख्यतः लहान होड्यांवरून. आणि उन्हाळ्यात उत्तरेचा 'मेल्तेमी' वारा दोन-तीन दिवस सलग वाहू लागला की त्या होड्याही थांबतात. समुद्र पांढरा फेसाळलेला दिसत असेल त्या दिवशी मासळीचा हट्ट सोडा आणि मागिरेफ्ता खा.

शाकाहारी असाल तर

क्रीटमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, उलट मला तर शाकाहारी पदार्थच तिथले सर्वांत चांगले वाटतात. याचं कारण उपवास. ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे आठवडे आणि 15 ऑगस्टच्या सणाआधीचे दोन आठवडे मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं. पिढ्यान्‌पिढ्या उपवास पाळलेल्या समाजाला भाजी रांधता येतेच.

"ईमे होर्तोफागोस" म्हणजे मी शाकाहारी आहे. या शब्दातच 'होर्ता' आहे, म्हणजे रानातली पालेभाजी: उकडून, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. 'स्तामनागाथी' ही क्रीटची कडवट रानभाजी मिळाली तर नक्की घ्या. 'लादेरा' म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. त्या कोमटच वाढतात. शिळ्या आहेत असं समजून परत पाठवू नका, त्या तशाच खायच्या असतात. 'फावा' ही पिवळ्या डाळीची घट्ट, घोटलेली बशी, वर कांदा आणि तेल. फोडणी न दिलेलं वरण म्हणा हवं तर. 'दाकोस' म्हणजे बार्लीच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा. आणि हानियाचं स्वतःचं 'बुरेकी': बटाटा, झुकिनी, मिझिथ्रा आणि पुदिना यांचे थर लावून भाजलेलं. दुसरं काही मिळालं नाही तरी हे खाल्ल्याशिवाय परतू नका.

सावध राहायच्या जागा चार आहेत. 'गामोपिलाफो' हा लग्नातला भात दिसायला साधा पांढरा, पण तो मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्शात शिजतो. द्राक्षाच्या पानांच्या 'दोल्मादेस'मध्ये खिमा असू शकतो. बिनखिम्याचे हवे तर 'यालांत्झी' म्हणा. भरलेल्या मिरच्या-टोमॅटोंचे 'येमिस्ता' बिनमांसाचे असतील तर त्यांना 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे पोरके. आणि सर्वांत महत्त्वाचं: 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचा पदार्थ, शाकाहारी असेलच असं नाही. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतात. अंडं-दूध न खाणाऱ्यांना हा शब्द उपयोगी आहे, पण पुढे "थालासिना ओही", समुद्रातलं नको, हेही जोडा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर उकडलेल्या होर्ता, भाजलेल्या भाज्या आणि चीज यांवर भिस्त ठेवावी लागेल.

मागवणं, आणि शेवट

प्रत्येकाने आपापली थाळी मागवू नका. चौघांत पाच-सहा बश्या टेबलाच्या मधोमध ठेवून वाटून खातात. एकदम सगळं सांगू नका, कारण बश्या मोठ्या असतात आणि स्वयंपाकघर जसं तयार होईल तसं पाठवतं. आधी एक सॅलड, दोन भाज्या, एक मांसाची किंवा माशाची बशी. मग पोट बघून पुढचं. घरची वाइन 'हीमा' म्हणून मागतात आणि ती किलोवर सांगतात: "मिसो किलो", म्हणजे अर्धा लिटर.

जेवण संपलं की घाई करून कोणी बिल आणून ठेवत नाही. तसं करणं तिथे असभ्य मानतात. तुम्हीच "तो लोगारियास्मो, पाराकालो" म्हणायचं. बिलाबरोबर, न मागता, राकीची छोटी सुरई आणि कलिंगडाच्या फोडी किंवा काहीतरी गोड येतं. त्याचे पैसे नसतात. राकी, जिला तिथे 'त्सिकुदिया'ही म्हणतात, कडक असते. नको असेल तर हसून हात छातीवर ठेवला की पुरतं. गोडात 'स्फाकियानी पिता' मिळाली तर बघत राहाल: कणकेच्या गोळ्यात मिझिथ्रा भरून, बंद करून, पातळ लाटून, तव्यावर भाजतात आणि वर मध ओततात. पुरणपोळीचं तंत्र, पुरण वेगळं.

बिल ओळ न ओळ वाचा, छापील पावती असल्याची खात्री करा. टिपेची सक्ती नाही. बिल वरच्या आकड्याला पूर्ण करून द्या, जेवण विशेष आवडलं असेल तर थोडे जास्त.

आणि जागा आवडली तर नवीन शोधायच्या भरात तिला सोडू नका. दुसऱ्या रात्री तिथेच जा. मालक ओळखतो, कार्डावर नसलेलं काहीतरी आतून येतं, कधी बाई स्वतः बाहेर येऊन आज काय चांगलं झालंय ते सांगतात.

परतीला हानियाजवळच्या सौदा बंदरातून पिरेयसची, म्हणजे अथेन्सच्या बंदराची, रात्रीची बोट असेल, तर बोटीवरच्या उपाहारगृहावर विसंबू नका. दुपारीच एखाद्या 'फूर्नोस'मध्ये, म्हणजे बेकरीत, जाऊन 'कालित्सुनिया' बांधून घ्या: चीजची किंवा पालेभाजीची छोटी पुरचुंडी, काही ठिकाणी अगदी करंजीच्या आकाराची. माणशी पाच पुरतात. रात्री डेकवर वारा सुटल्यावर, हानियाचे दिवे मागे पडत असताना, गारच खा.